काकांना सांगणार कोण?

माझा धंदा टेम्पोचा. राहनाळच्या मितेशच्या कारखान्यात कापडाचे तागे आणून टाकायचे आणि तयार माल काल्हेरच्या गोडाऊनला पोचवायचा, एवढंच माझं काम. पण माल भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबल्यावर माणूस डोळे मिटून थोडाच बसतो! त्यामुळे त्या कारखान्यात कोणाचं काय चाललंय ते मालकाच्या आधी कुमार टेम्पोवाल्याला कळतं, असं सगळे मला चिडवतात. चिडवू देत. तोंडाचा फाटका आहे मी, कबूल, पण पदरचं घालून सांगत नाही.

दामूकाका त्या कारखान्याचे कटिंग मास्टर. सत्तरीला टेकलेले, उंच, किडकिडीत, हात मात्र अंगाच्या मानाने मोठे. जाड कापड टेबलावर पसरायचं, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची, हे त्यांचं काम. ते कापायला लागले की बाकीचे आपोआप हळू बोलायचे. मितेश त्यांच्या भावकीतला, पुतण्याच लागतो नात्याने. सगळा कारखाना त्यांना काका म्हणतो आणि चहा आला की पहिला कप त्यांच्याकडे जातो.

जन्म राहनाळचाच. तरुणपणी खाडीत जाळी टाकायचे आणि पावसाळ्यात भात लावायचे. खाडीचं पाणी काळं पडलं, मासा गेला, तेव्हा कापड विणायच्या लूमवर लागले. पुढे लूमवर मंदी आली आणि मालकाने लूम भंगारात काढले, तर हे बाजारात एका टेलरच्या दुकानात जाऊन बसले आणि ब्लाऊज, पँट शिवायला लागले. मग मितेशचे वडील, महादूशेठ, यांनी शेतावर गोडाऊनचे गाळे बांधले. सगळे भाड्याने दिले, एक स्वतःकडे ठेवला आणि त्यात मालावर टाकायच्या कापडी कव्हरांचा कारखाना काढला. 'दामू, तू ये, टेबल तुझं,' म्हणाले. तेव्हापासून ते टेबल काकांचं.

आता त्यांना कामाची गरज होती का? छे! काकांचं शेतसुद्धा गोडाऊनखालीच गेलंय. घरावर घर चढलंय, पोरगा ठाण्यात नोकरीला आहे, सून देवमाणूस आहे. दोघंही त्यांच्या मागे लागलेले, की आता पुरे, घरी बसा. पण घरी बसायचं म्हणजे कुठे, तर देवळाच्या ओट्यावर. तिथे जमिनी दिलेले त्यांच्या वयाचे बाप्ये सकाळपासून पत्ते कुटत बसलेले असतात, आणि मध्येच एखादा कमी होतो. काकांनी त्या ओट्याची धास्तीच घेतली होती. टेम्पोत माझ्या शेजारी बसले की तिथून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. एकदा मला म्हणाले, "कुमार, माझं टेबल गेलं ना, तर मी न्हाय रे फार दिवस काढायचा." मी हसण्यावारी नेलं, पण ते हसत नव्हते.

महादूशेठ थकले आणि कारभार मितेशच्या हातात आला. पोरगा हुशार, पण कुठे काही ऐकलं की ते दुसऱ्या दिवशी कारखान्यात करून बघायची त्याला भारी खाज. ठाण्याच्या एका हॉटेलात उद्योजकांचं शिबिर होतं, तिथे जाऊन आला आणि आल्याआल्या स्वतःची केबिन तोडली. म्हणाला, आता साहेब कुणी नाही. रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहायचं, प्रत्येकाने आपली अडचण सांगायची, निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा. ज्याला जे चांगलं जमतं ते त्याने करायचं, मग तो कुठल्या का जागेवर असेना. बसून बोललं की बैठक लांबते, म्हणून उभं राहायचं.

आयला, उभं राहायचं खरं, पण काका उभे आणि बाकीचे त्यांच्या बरोबरीने उभे, हे कसं दिसेल? मग पहिल्याच दिवशी कुणीतरी काकांसाठी खुर्ची आणली. काका खुर्चीवर आणि सगळे त्यांच्यासमोर हात बांधून उभे. साखरपुड्याला मुलाकडच्या मोठ्या माणसासमोर उभं राहतात ना, तसा थाट. मितेशने विचारायचं, "कुणाला काही अडचण?" सगळ्यांनी काकांकडे बघायचं आणि म्हणायचं, "काय न्हाय." मग काका म्हणायचे, "करा नीट," आणि बैठक संपायची.

मितेशने भिंतीवर एक पांढरा फळा लावून प्रत्येकाच्या नावापुढे त्याची ताकद लिहिली होती. शिलाईला बसणाऱ्या चंद्रावहिनींपुढे लिहिलं, हात साफ. माझ्यापुढे लिहिलं, ओळखी आणि तोंड. काकांपुढे लिहिलं, अनुभव. आता अनुभव म्हणजे नेमकं काय येतं त्यांना, असं कुणी विचारलं नाही. विचारणार कोण?

पण खोटं कशाला बोलू, मितेशच्या त्या पद्धतीने काम झालं. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये मृणाली नावाची शिफ्ट सुपरवायझर आहे. चुणचुणीत पोरगी, बोलायला फटकळ. तिच्या हाताखालची पोरं-पोरी दिवसभर रॅकमधून ऑर्डरचा माल काढत फिरतात. हातात स्कॅनर, काखेत टेप, दातात मार्कर, आणि कटर कुठे ठेवलाय ते आठवत नाही. स्कॅनर पडून फुटायचे. कमरेला बांधायचे तयार पट्टे तिने मागवून बघितले होते, पण ते कडक, घामाने चिकटणारे, आणि खिसे भलतीकडेच. ती मला म्हणाली, "कुमारदादा, तुमचा तो कव्हरवाला असं काही शिवेल का?" मी मितेशला सांगितलं आणि त्याने उडीच मारली.

नंतरचे दिवस मी मजेत बघितले. सकाळी मृणालीचा फोन यायचा, की स्कॅनरचा खिसा उजवीकडे हवा. दुपारी चंद्रावहिनी नवा पट्टा शिवून तयार. मी माल घेऊन जायचो तेव्हा तोही न्यायचो. तिकडे एखादी पोरगी तो बांधून शिफ्टभर फिरायची आणि संध्याकाळी सांगायची, वाकल्यावर कटर टोचतो. दुसऱ्या दिवशी कटरचा खिसा आडवा. मोठ्या कंपनीत असल्या बदलाला किती सह्या लागल्या असत्या कोण जाणे. मीसुद्धा एक सूचना केली, की तंबाखूच्या पुडीसाठी एक छोटा खिसा ठेवा. मृणालीने फोनवरच मला झापलं. पण बघता बघता असा पट्टा झाला, की ज्या पोरीने बांधला ती परत द्यायला तयार होईना.

आता इथे चंद्रावहिनींचं सांगायला हवं. माहेर दिघाशीचं, लग्न होऊन राहनाळला आल्या. नवरा काकांच्या भावकीतला, म्हणजे काका त्यांचे चुलत सासरे. समोर आले की वहिनी डोक्यावर पदर घेतात आणि नजर खाली ठेवतात. सॅम्पल शिवायचं काम त्यांचं. काकांनी कापलेले सगळे तुकडे आधी त्यांच्याकडे यायचे, आणि मशीनला लावण्याआधी त्या एक छोटी कात्री घेऊन प्रत्येक तुकड्याची कड पुन्हा कापायच्या. खालच्या खोक्यात चिंध्या पडायच्या. मला वाटायचं, धागे साफ करत असतील. पण खोकं फारच लवकर भरायचं. त्या चिंध्यांनी वहिनींनी आळीतल्या अर्ध्या घरांच्या उश्या भरून दिल्या.

एकदा मी विचारलं, "वहिनी, हे काय चाललंय?"

"काय न्हाय. काका शिवणीच्या आत कापड जास्त सोडतात जरा. टेलरची सवय हाय ना. ब्लाऊज पुढे उसवून सैल करता यावा म्हणून सोडतात, तसं."

"पण पट्ट्याचे खिसे कोण उसवणार?"

"तेच ना."

"मग सांगा की त्यांना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू त्यांना काकांच्या थोबाडीत मारायला सांगितलंय. "मी सांगू? सून हाय मी त्यांची. आणि बाहेरून कळलं तर मितेश काय करेल? टेबल काढून घेईल त्यांचं. त्यापेक्षा मी कापते, माझे काय हात झिजतात?"

काका मध्येच येऊन तयार पट्टा हातात घ्यायचे, उलटसुलट बघायचे आणि विचारायचे, "बरा हाय ना गं?" वहिनी खाली बघून म्हणायच्या, "मस्त बसलंय काका." काका खूश होऊन टेबलाकडे जायचे. शिलाईला बसणाऱ्या बाकीच्या बायकांनाही सगळं ठाऊक होतं. म्हणजे मितेश आणि काका सोडून सगळ्यांना. मितेश रोज सकाळी गोलात विचारायचा, अडचण काय, आणि अडचण खुर्चीवर बसून 'करा नीट' म्हणायची.

पट्टा पसंत पडला. मृणालीच्या वरच्या साहेबांनी एकदम मोठी ऑर्डर दिली, आणि चांगला निघाला तर त्यांच्या बाकीच्या गोडाऊनलाही घेऊ म्हणाले. कारखान्यातल्या मशीनवर एवढं शिवून होणं शक्य नव्हतं. मितेशने ठरवलं, कापायचं काकांनी, आणि शिवायला मुस्तकीमभाईंकडे द्यायचं. मुस्तकीमभाईंचं बाजारात वडिलांपासूनचं टेलरिंगचं दुकान, हाताखाली चांगले कारागीर. काकांनी जीव तोडून कापलं. पोरगा म्हणाला, बाबा, दमाल, तर त्याच्यावरच खेकसले. तुकड्यांचे गठ्ठे आणि सोबत नमुन्याचा एक पट्टा मीच मुस्तकीमभाईंकडे टाकला, आणि शिवून झालेला माल मीच काल्हेरला उतरवला. वहिनींच्या मशीनवरून तो माल गेलाच नव्हता. तेव्हा ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. वहिनींच्या आलं होतं का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

मृणालीने मितेशला फोन केला तेव्हा मी तिच्याच गोडाऊनच्या दारात होतो. तिने फोन ठेवला आणि मला आत बोलावलं. कोपऱ्यात पट्ट्यांचा ढीग. खिसे म्हणजे बाजाराच्या पिशव्या झालेल्या. स्कॅनर आत टाकला की तळाला जाऊन बसायचा आणि चालताना मांडीवर आपटायचा. शिवणीजवळ जास्तीच्या कापडाची जाड घडी, तिने एका पोरीच्या कमरेची सालटी निघालेली. मृणाली म्हणाली, "दादा, मी वर भांडून तुमचा पट्टा पास करून घेतलाय. आता माझं तोंड काळं झालं. एकदा सुधारून द्या, नाहीतर साहेब दुसरीकडे जाणार." मी ढीग परत टेम्पोत भरला.

मितेशने मुस्तकीमभाईंना बोलावून सगळ्यांसमोर असं काही झाडलं, की मलाच कसंतरी झालं. मुस्तकीमभाई शांत माणूस. त्यांनी परत आलेला एक पट्टा उसवला, न शिवलेला एक तुकडा काढला, आणि दोन्ही नमुन्याच्या पट्ट्यावर ठेवले. दोन्ही तुकडे चारी बाजूंनी बाहेर आले. म्हणाले, "मितेशभाई, जैसा कटा, वैसा सिला. नमूने में सिलाई किनारे से लगी है, तो हमने भी किनारे से लगाई. मेरे कारीगरों ने अपनी अक्कल नहीं लगाई, बस इतना क़ुसूर है."

सगळ्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या. काका खुर्चीवरून उठले. तुकडा हातात घेतला, नमुन्यावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. राग नव्हता त्यांच्या तोंडावर, नुसता प्रश्न होता.

"पण नमुना पण मीच कापलेला ना?" ते म्हणाले. "त्याच मापाने. मग तो बारीक कसा?"

मितेशला तेव्हा कुठे काहीतरी वास लागला. तो एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला. मुस्तकीमभाई उगाचच दोरा गुंडाळत बसले. मी मनात म्हटलं, आता टेबल जातंय म्हाताऱ्याचं. तेवढ्यात चंद्रावहिनी मशीनवरून उठल्या. पदर घेतला आणि म्हणाल्या, "नमुना मी कापला काका. तुम्ही कापल्यावर मी परत कापला."

"एकच?"

"न्हाय. सगळे."

"कवापासून?"

"मी कामाला लागल्यापासून. कव्हरं पण."

काकांनी तुकडा टेबलावर ठेवला, नीट सरळ करून ठेवला. चपला घातल्या आणि निघून गेले. मितेश मागे धावला, "काका, अहो काका," करत, पण ते थांबले नाहीत. वहिनी मशीनवर डोकं ठेवून रडल्या. बायका त्यांनाच बोलायला लागल्या, की भर सभेत कशाला सांगायचं गं, नंतर हळूच मितेशला सांगितलं असतं. मला भयंकर चीड आली. इतके दिवस हळूच करून काय झालं ते समोर ढिगाऱ्यात पडलेलं दिसत होतं की!

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल उभा राहिला आणि मध्ये काकांची खुर्ची रिकामी. हलवायची कुणाची छाती होईना. पण गंमत बघा, खुर्ची रिकामी झाली आणि तोंडं उघडली. एक बाई म्हणाली, माझ्या मशीनचा पाय हलतो, शिवण वाकडी येते. दुसरी म्हणाली, चेन लावायचं काम मला जमत नाही, माझी जागा बदला. मितेश खडूसारखा पांढरा पडला होता, पण ऐकत होता. वहिनींना त्याने कापायच्या कामावर घेतलं. मुस्तकीमभाईंचा एक कारागीर इथेच येऊन बसला, म्हणजे चुकलं तर लगेच कळावं. मृणाली सुट्टीच्या दिवशी स्वतः आली आणि तिने खिसे बघून दिले. परत आलेले पट्टे उसवून, कापून, पुन्हा शिवले जाऊ लागले. मितेशला शिबिरात जे सांगितलं होतं ते आता खरोखर चाललं होतं. मला मात्र ते बघून बरं वाटलं नाही. काकांशिवाय सगळं एवढं सुरळीत चालावं, याचा मला राग येत होता.

मितेशलाही ते टोचत असणार. त्याने मला बाजूला घेतलं. "कुमारदादा, तुम्ही काकांकडे जा. सांगा, त्यांना आपण सल्लागार करतोय. वेगळी खुर्ची, वर पंखा, दारावर नावाची पाटी. यायचं, बसायचं, चहा घ्यायचा. कापायची दगदग नको. मान तसाच राहील त्यांचा."

मी म्हटलं, माझं तोंड माझी ताकद आहे म्हणून मलाच पाठवतोस होय! पण गेलो.

काका ओट्यावर नव्हते, घरातच होते. खिडकीजवळ पलंगावर बसलेले, दाढी वाढलेली. आक्का, त्यांची बायको, दारातच मला म्हणाली, "बघ रे बाबा, जेवत न्हाय धड. सगळ्यांशी अबोला धरलाय." मी समोर बसलो आणि मितेशचा निरोप सांगितला. पाटीचंही सांगितलं. मला वाटलं, सुटला प्रश्न, मान राहिला, ओटाही टळला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या सल्लागाराने चूक केली तर कोण सांगणार त्याला?"

मी हातातली टेम्पोची चावी खिशात घातली.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"सगळ्यांना?"

"हो काका. तुमचा मान राखायचा म्हणून..."

"मान!" ते असे ओरडले, की आक्का स्वयंपाकघरातून धावत आली. "लूमवर लागलो ना, तेव्हा धागा जोडता येत नव्हता मला. वरचा जॉबर पाठीत गुद्दा घालायचा. शिकलो. टेलरकीला बसलो तेव्हा दोन पोरांचा बाप होतो मी. त्या मुस्तकीमचा बाप सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझी शिवण टराटरा उसवायचा, शिव्या घालायचा. शिकलो न्हाय का? तेव्हा मला येत न्हाय हे सगळे तोंडावर सांगायचे, म्हणून मला यायला लागलं. आणि तुम्ही? ती पोरगी रोज माझं कापलेलं परत कापते आणि मला म्हणते मस्त हाय काका. मी घरी येऊन हिला सांगायचो, अजून हात चालतो माझा." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "अर्ध्या इंचाची गोष्ट रे. एकदा सांगितलं असतं तर दुपारच्या आत सुधारली असती. पण तुम्ही ठरवून टाकलंत ना, की म्हातारा आता शिकायचा न्हाय. देव करून कोनाड्यात बसवलात मला."

आक्का डोळ्याला पदर लावून उभी होती. बाहेर येऊन टेम्पो काढला, आणि ओट्यावरून जाताना मीही मान दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल जमला आणि काका आले. दाढी करून, धुतलेला सदरा घालून. कुणीतरी लगबगीने खुर्ची पुढे केली. काकांनी ती उचलून भिंतीकडे ठेवली आणि गोलात येऊन उभे राहिले, माझ्या आणि मुस्तकीमभाईंच्या कारागिराच्या मधे.

मितेशने घसा साफ केला. "कुणाला काही अडचण?"

"मला हाय," काका म्हणाले. "मला टेबल हवंय. सल्लागार-बिल्लागार नको. चंद्रा मुख्य, मी तिच्या हाताखाली. ती बघेल आणि सांगेल. चालत असेल तर थांबतो, न्हायतर जातो ओट्यावर."

वहिनींनी कानाला हात लावले. सासऱ्याने सुनेच्या हाताखाली? भावकी काय म्हणेल? मितेशही चाचरला. मृणाली त्या दिवशी आली होती, तिला ह्या नात्यागोत्याचं काही घेणंदेणं नव्हतं. ती म्हणाली, "मग अडचण काय आहे? चालेल की!" परक्या माणसाचं बरं असतं. मितेशने मान डोलावली आणि काकांनी कात्री घेतली.

त्या दिवशी मृणालीचीही एक अडचण होती. पट्टा एकाच माणसाचा राहत नाही, शिफ्टप्रमाणे हात बदलतो. सकाळी काडीसारखी पोरगी, दुपारी ढेरपोट्या बाप्या. वहिनी म्हणाल्या, तीन मापं कापू. मितेश म्हणाला, मग तिप्पट गोंधळ, कुणाचा कुठला ते शोधत बसतील. काका म्हणाले, "कमरेत कापड आत सोडा की. घडी घालून वरून बटण लावायचं. जाड्याने बटण काढायचं, बारक्याने लावायचं. ब्लाऊजला आम्ही आयुष्यभर हेच केलं." मृणालीने टाळीच वाजवली. मितेशने तिथल्या तिथे सांगितलं, आत्ताच नमुना काढा, कुमारदादा जाताना घेऊन जातील.

काकांनी आखलं, कापलं आणि तुकडे मांडले. वहिनींच्या जागी आता दुसरी बाई शिवायला होती, तिने शिवून दिलं. पट्टा तयार झाला. मितेशने स्वतः बांधून बघितला, बटण काढून मला बांधला, माझ्या पोटावरही बसला. सगळा कारखाना भोवती जमला. "वा काका!" "मानलं काका!" "एकदम मस्त!" जो तो त्यांच्या पाठीवर हात ठेवायला बघत होता. मीही ओरडलो असेन.

काकांनी कुणाकडे बघितलं नाही. पट्टा माझ्या कमरेवरून सोडवला आणि सरळ चंद्रावहिनींसमोर नेऊन धरला.

"बघ गं. खरं सांग."

वहिनींचा हात डोक्यावरच्या पदराकडे गेला. त्यांनी पट्टा उलटा केला, कमरेची घडी बघितली, खिशात बोटं घालून चाचपलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि आज तरी म्हाताऱ्याचं मन मोडू नको गं, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनी मान वर केली आणि थेट काकांच्या डोळ्यात बघितलं.

"कमर बरोबर हाय काका. खिसा न्हाय. आत जास्त झालंय अजून. परत कापा."

"परत कापतो," काका म्हणाले आणि खडू शोधायला लागले.